पेटीपर्यंतचा दोर

"वजा एकोणतीस! वजा एकतीस पॉइंट चार! वजा तीस पॉइंट दोन!"

ओरडत होतो मी. मार्चची दुपार, शर्ट पाठीला चिकटलेला, डोक्यावर तीन पात्यांचा पंखा आणि तिन्ही पात्यांना फिरायचा कंटाळा. अशात फोर्टातल्या एका सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर मी गळ्याच्या शिरा ताणून जगाच्या टोकावरची थंडी ओरडून सांगत होतो. इलाज नव्हता. खालच्या रस्त्यावरून मोर्चा चालला होता. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' एवढं यायचं आणि 'झालाच पाहिजे'ला आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. मोर्चात माणसं होती दोन लाख. बरं, एक लाख. पन्नास हजारांच्या खाली मी उतरणार नाही, घासाघीस करू नका. त्या पन्नास हजारांवर माझा एकट्याचा आवाज चढायला हवा होता, कारण समोर बसलेल्या मिस साळवेला आकडा नीट ऐकू गेल्याशिवाय तिची पेन्सिल हलत नसे.

"तीस पॉइंट दोन की तीन?" तिनं विचारलं. आवाज न चढवता. एवढ्या गलक्यात तिचा तो हळू आवाज मला कसा ऐकू यायचा, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता आहे, पण आता त्याचा उपयोग नाही.

"दोन!"

टक्. पेन्सिलीची खूण उमटली. खाली मोर्चा पुढे सरकला.

दर मार्चला हा आवाज परत येतो. मोर्चाचा नव्हे, पेन्सिलीचा. मी आता नव्वदीला टेकलोय. गिरगावातली आमची चाळ पाडून तिथे इतका उंच टॉवर झालाय की माझ्या गॅलरीत येईपर्यंत कावळ्यांना धाप लागते. उन्हाची तिरीप सरकत आरामखुर्चीच्या पायाशी आली की समजायचं, मार्च लागला. मग मी पेपर उघडतो. हल्ली पेपरात मधूनच त्या बाजूचे फोटो असतात. बर्फ सरकून उघडे पडलेले काळे खडक, त्यावर एखादं हडकुळं अस्वल, चुकीच्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्यासारखं उभं. खाली मजकूर, की अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसून येतं... मी तिथेच पेपरची घडी घालतो. नोंदी तपासल्यावर काय दिसतं, हे मला कुणी सांगू नये. ज्या दिवशी ते दिसलं त्या दिवशी मी तिथे होतो. परळमध्ये. फरशीवर मांडी घालून.

आधी कामाचं सांगतो. उत्तरेला, जिथे नकाशा संपून नकाशाची चौकट सुरू होते, तिथे एक बेट आहे. त्याचं नाव घ्यायला गेलं तर दोन दात हलतात, म्हणून आम्ही नुसतं 'बेट' म्हणायचो. त्या बेटावर एक लाकडी खोपटं, खोपट्यात चार माणसं आणि खोपट्यापासून शंभर पावलांवर, खांबांवर उभी केलेली एक पांढरी, झडपांची पेटी. पेटीत थर्मामीटर. ठरलेल्या वेळी एकानं जायचं, पारा बघायचा, आकडा वहीत लिहायचा. माणसं बदलत गेली. वही तीस-बत्तीस वर्षं चालू होती. आमच्या बड्या साहेबांच्या मनात आलं होतं, की तिथल्या थंडीचा आपल्याकडच्या पावसाशी काही धागा जुळतो का ते बघावं. म्हणून त्या वह्यांच्या नकला आगबोटीनं मुंबईला आल्या. आकडे जुन्या फॅरनहाइटचे. ते नव्या मापात, सेल्सिअसमध्ये, बसवायचे होते. त्यासाठी एका हिवाळ्यापुरती, मार्चअखेरपर्यंत, तात्पुरती माणसं घेतली. मिस कौसल्या साळवे त्यांतली एक. मी आठल्ये. दोन वर्षांपूर्वी चिकटलेला, पण कायम झालेला नव्हतो. माझे कागद साहेबांच्या टेबलावर होते.

आकड्यांचं काम एकट्यानं करायचं नाही, अशी पद्धत होती. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या प्रतीवर ताडून खूण करायची. चार महिने मी त्या मुलीसमोर बसून फक्त थंडी वाचली. डिसेंबर वाचला, जानेवारी वाचला, एकेका वर्षाचा उन्हाळा वाचला, तोही असा की मटक्यातलं पाणी गोठावं. दुसरं काही बोललो नाही, तरी आयुष्यात एवढं बोलणं माझं कुणाशी झालेलं नाही. आपण काही म्हणावं आणि समोरून टक् करून 'बरोबर' यावं! पुढे लग्न झालं, मुलं झाली, संसार रीतसर झाला. तशी खात्री मात्र पुन्हा कुणी दिली नाही.

आता आकडे वाचून घसा सुकतो, आणि घसा सुकला की त्यातून थापा निघतात, हा आमच्या घराण्याचा दोष आहे. दुपारी डबे उघडले की अख्खी कचेरी माझ्याभोवती. मी सांगायचो, बेटावर चहा कपात ओतेपर्यंत त्याचा खडा होतो, मग तो खडीसाखरेसारखा चोखायचा. दाढी केली की केस जमिनीवर टाचण्यांसारखे खणखणतात. एक अस्वल रोज दहा वाजून पाच मिनिटांनी खोपट्याच्या खिडकीशी येतं आणि उशीर झाला म्हणून मान खाली घालून उभं राहतं. आमच्या हेडक्लार्क नाडकर्ण्यांना ते अस्वल फार आवडायचं. एकदा त्यांनीच विचारलं, अरे, पण असल्या थंडीत रोज बाहेर जातो कोण, पारा बघायला? वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, जातंय कोण! वादळ असलं की थर्मामीटरच आत आणतात, शेगडीपाशी पाय शेकत वाचतात आणि मनानंच वीस अंश वजा करून मोकळे होतात. वह्यांच्या शेऱ्यांतच लिहिलंय तसं. हशा असा उसळला की समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली ती थेट भायखळ्याला जाऊन बसली.

मिस साळवे हसली नाही. ती खिडकीपाशी एकटी बसून डबा खायची. कचेरीच्या माठातलं पाणीही ती घेत नसे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी, कोण ते कुणीच कबूल केलं नाही, माठाशेजारी तिच्यासाठी एक वेगळा पेला आणून ठेवला. तेव्हापासून ती घरून बाटली आणायची. त्या दिवशी डबा धुऊन ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "शेगडीचं कुठल्या पानावर आहे?"

"असेल कुठेतरी," मी म्हटलं.

आठ दिवसांनी ती परत आली. सगळ्या वर्षांचे सगळे शेरे तिनं वाचले होते, कचेरी सुटल्यावर थांबून. शेगडी कुठेच नव्हती. तिला सापडलं ते दुसरंच, आणि ते तिनं मला बोट ठेवून दाखवलं. एका जानेवारीतला शेरा. तीन दिवस वादळ. स्वतःचा हात पुढे धरला तर दिसत नाही. खोपट्यापासून पेटीपर्यंत दोर बांधला आहे, तो धरून गेलो, वाचलं, तो धरून परत आलो. त्याखाली आकडा. अक्षर थोडं थरथरलेलं, पण आकडा स्वच्छ.

"माणूस दोर धरून गेलाय हो," ती म्हणाली. "एका आकड्यासाठी."

मी त्यावरही काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. म्हाताऱ्या डोक्यानं माझ्यावर केलेली तेवढीच एक मेहेरबानी.

होळीच्या आधीच्या रविवारी तिनं मला परळला घरी बोलावलं. कचेरीत पसरता येणार नाही असं काहीतरी दाखवायचं होतं. तिचे वडील गिरणीत रिंग खात्यात, सूतकताईला, होते. विणकाम खात्यात त्यांच्या लोकांना घेत नसत. तिथे दोरा तोंडानं ओढून धोट्यात ओवावा लागे, आणि त्या दोऱ्यानं बाकीच्यांचं काय बुडत होतं ते गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं, सांगायला कुणी पुढे येत नव्हतं. आदल्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. खोलीच्या भिंतीवर बुद्धाची नवी कोरी तसबीर, आणि तिच्याखाली लख्ख पुसलेल्या फरशीवर एक लांबच लांब कागदी पट्टी. जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं एकापुढे एक डकवलेली. दिवसभर टिक करून आल्यावर मिस साळवे घरी बसून दर जानेवारीची सरासरी काढत होती आणि तिचा एकेक ठिपका मांडत होती. सुरुवातीचे ठिपके पट्टीच्या तळाशी. नंतरचे, एक पुढे एक मागे, चुकतमाकत, रांगत्या पोरासारखे, पण वर. शेवटचे ठिपके पहिल्यांपेक्षा करंगळीभर वर होते.

"तिथली थंडी कमी होतेय," ती म्हणाली.

मी म्हटलं, हे सगळे आकडे मी माझ्या तोंडानं वाचले, मग मला कसं दिसलं नाही? उत्तर तिच्या वडिलांनी दिलं. रोज मशीन ऐकणाऱ्याला तिचा बिघाड कळत नाही, म्हणाले. रजेवरून आलेल्याला कळतो. त्यांच्या खात्यातही भिंतीवर थर्मामीटर होते, सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची तर तिच्यावर नजर हवी. फार जवळ जाऊन बघितलं तर आपल्या श्वासानंच पारा चढतो, म्हणून अंतर राखून वाचायचं, हेही त्यांनीच सांगितलं. मग माझ्यानं राहवेना. मी बेटाच्या दोन-चार गोष्टी सोडल्या, अस्वलाची वगैरे. दारात शेजारीपाजारी जमले होते, ते पोट धरून हसले. वडील हसले नाहीत.

"हे त्या वह्यांत लिहिलेलं आहे, का तुमचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थोडं लिहिलेलं, थोडं माझं.

"मग वेगवेगळं ठेवा," ते म्हणाले.

चहा झाला. माझ्यासाठी नवी कपबशी काढली होती, तिच्यावरचा दुकानाचा कागद अर्धा तसाच चिकटलेला. निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. बडे साहेब म्हणाले होते, की बेटाच्या आकड्यांतून काही निघालं तर हे काम पुढे चालू ठेवू, मग तात्पुरत्या माणसांनाही ठेवून घेता येईल. हे तिलाही ठाऊक, मलाही. सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेली ती तिच्या चाळीतली पहिली. वडील चाळीत सांगत फिरायचे, की आमची कौसल्या जगाच्या टोकाची थंडी मोजते.

"साहेबांना तुम्ही सांगाल?" ती जिन्यात म्हणाली. "तुम्हाला बोलता येतं."

परळहून ट्रामनं गिरगावात आलो तो ट्रामच्या वीतभर वरून. पोचल्यावर आईनं विचारलं, कुठे होतास? मी म्हटलं, दादरला, मित्राकडे. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी थाप. मोठ्या थापांनी माझं कधी काही वाकडं केलं नाही. घात केला तो अशा छोट्यांनी.

आणि मग तो दिवस. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशीचा. रस्ते शांत, उकाडा तसाच. साहेबांच्या केबिनमधला पंखा बंद पडला होता, म्हणून वारा यावा एवढ्यासाठी दाराला एक जुनी जाड वही टेकवून ते उघडं धरलं होतं. मी पट्टी साहेबांपुढे उलगडली. वरच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात होतं: वाचन, आठल्ये. तपासणी व रेखाटन, साळवे. मी बेताचं बोललो. खरंच, शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी दोनाचे तीनसुद्धा केले नाहीत. पेटीची जागा इतक्या वर्षांत बदलली नाही, थर्मामीटर बदलला तेव्हा जुन्याशी ताडून घेतला, शेऱ्यांत सगळं आहे, हे तिनं पढवलेलं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि पट्टीवर वाकले. त्यांचं बोट पहिल्या ठिपक्यावर टेकलं आणि एकेक जानेवारी ओलांडत हळूहळू वर चढत गेलं. "हे कुणी काढलं?" ते म्हणाले. साहेबांच्या आवाजात मी पहिल्यांदाच कुतूहल ऐकत होतो.

शेजारी नाडकर्णी उभे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना एक आवडती गोष्ट आठवली, एवढंच. ते हसले आणि म्हणाले, "पण साहेब, ते लोक वादळात थर्मामीटर शेगडीपाशी आणून वाचतात. आठल्येच सांगत होते. शेऱ्यात आहे म्हणे."

बोट थांबलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "असं आहे का?"

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. त्याखाली माझे कायम होण्याचे कागद. वरच्या कागदावरचं माझं नाव मला उलटं वाचता येत होतं. 'थाप मारली होती, साहेब' एवढंच म्हणायचं होतं. ज्या माणसानं अस्वलाला दहा वाजून पाचला कचेरीत हजर केलं, त्याला चार शब्द जड व्हावेत? झाले. थापाड्या म्हणून साहेबांपुढे उभं राहायचं, आणि तेही त्या पेपरवेटसमोर, एवढी छाती माझ्यात नव्हती.

"तसं ऐकून आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी लाल पेन्सिल उचलली आणि पट्टीच्या कोपऱ्यात लिहिलं: आकडे भरवशाचे नाहीत. खोपट्यातली ती सगळी माणसं, शंभर पावलं, तो दोर, सगळं त्या ओळीखाली गेलं. तिचं नावही. ते कोपऱ्यातच होतं, लाल ओळ त्याच्यावरून गेली.

बाहेर आलो तर मिस साळवे दाराशेजारच्या माठाजवळ उभी. हातात पेला, रिकामा. उन्हाळा आहे, बाटलीतलं पाणी संपलं असेल, असं मला वाटलं.

"साहेबांना आज वेळ नव्हता," मी म्हटलं. "ठेवून घेतलंय. बघू म्हणाले."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. आकडा ऐकला पण नीट पोचला नाही की बघायची तशी. मग पेला माठावर उपडा ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसली.

"पुढचं वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. वजा सव्वीस पॉइंट एक. टक्. वजा सत्तावीस. टक्. मार्च संपेपर्यंत मी वाचत होतो. साहेबांनी बघितलं का, हे तिनं एकदाही विचारलं नाही. तिच्या खुणेत फरक पडला नाही. जे बरोबर होतं त्याला ती बरोबर म्हणत राहिली. शेवटच्या दिवशी वह्यांना फीत बांधून, त्यावर क्रमांक घालून, तिनं सगळ्यांना नमस्कार केला. मलाही, सगळ्यांना केला तेवढाच. आणि पेन्सिल तेवढी टेबलावर ठेवून गेली, कारण ती कचेरीची होती.

एप्रिलमध्ये मी कायम झालो. त्या खुर्चीत बसून पुढे मी किती थापा मारल्या याची मोजदाद नाही. लोक अजून भेटले की सांगतात, आठल्येसाहेब, ती अस्वलाची सांगा ना. मी सांगतो. शेगडीची सांगत नाही. माणूसही त्या बेटासारखाच असतो. रोज बघितलं तर वाटतं, आहे तसाच आहे. तीस वर्षांचे ठिपके फरशीवर पसरून बसलं तर करंगळीभर फरक दिसतो, आणि तो कुठल्या जानेवारीपासून सुरू झाला तेही दिसतं. माझा मार्चपासून.

तीन वर्षांनी राज्य झालं. मुंबईसह. लालबागपासून परळपर्यंत अशी रोषणाई की सूर्य लाजून अर्धा तास आधी मावळला. मुंबईत त्या दिवशी गुलालाखाली माणूस ओळखू येत नव्हता. मोर्चांत चालताना गोळ्या खाल्लेल्यांचे फोटो चौकाचौकांत हार घालून मांडले होते. लोक वाकून नमस्कार करत होते. ती सगळी माणसं झालाच पाहिजे म्हणाली होती आणि त्यापायी रस्त्यात पडली होती. मला चार शब्द म्हणायचे होते, तेही पंखा बंद असलेल्या खोलीत. त्या गर्दीतच ठरवलं, की आज परळला जायचं. पेढे घेतले आणि दुपारीच गेलो.

तिची आई आत होती, वडील मिरवणुकीबरोबर गेले होते. ती आता म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवत होती. गॅलरीत बसून मुलांच्या वह्या तपासत होती, समोर लाल-निळी पेन्सिल. मला बघून उठली, या म्हणाली, स्टूल पुढे केलं. पेढे घेतले. खालून लेझीम चाललं होतं, पण मला ओरडावं लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न वाढवता, न लपवता बोललो. म्हटलं, ती शेगडीची गोष्ट मी बनवली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही. त्यांना वेळ नव्हता, हे खोटं होतं. त्यांनी पट्टी बघितली होती, पटतही चाललं होतं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं.

तिनं हातातली वही पूर्ण तपासली. खाली सही केली. वही ढिगावर ठेवली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दार उघडं होतं."